एका बरणीतली दोन कुलं

बरणीवरच्या चिठ्ठीत एवढंच होतं: ‘भेकाचे भैकेर’, आणि खाली युरोपातल्या एका तळ्याचं नाव. आत दहा टक्के फॉर्मालिनमध्ये काळपट भैकेर, म्हणजे भेकांची (खडबडीत कातडीच्या बेडकांची) शेपटीवाली पिल्लं. जुन्या नोंदवहीत ते सगळे बुफो प्रजातीचे धरलेले. संग्रहाची फेरतपासणी चालू होती म्हणून बरणी माझ्या टेबलावर आली. फॉर्मालिनमधल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळवणं फार अवघड, त्यामुळे जे ठरवायचं ते शरीररचनेवरूनच.

भैकेर सूक्ष्मदर्शीखाली घेतला की मी आधी श्वासरंध्र शोधते. कल्ल्यांवरून आलेलं पाणी या छिद्रातून बाहेर पडतं, आणि बुफोमध्ये ते शरीराच्या डाव्या बाजूला असतं. पहिल्या दोघांचं तिथंच होतं. तिसऱ्याची डावी बाजू मात्र कोरी. त्याला उताणा केला, दिव्याचा प्रकाश तिरपा पाडला, तेव्हा पोटावर बरोबर मध्यरेषेत छिद्र दिसलं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. खडबडीत कातडीचे भेक वर्गीकरणात एकाच कुलात नसतात हे आम्ही सगळेच जाणतो, पण एकाच बरणीत दोन कुलं शेजारी पोहत ठेवलेली मी पाहिली नव्हती.

मधलं श्वासरंध्र दिसलं म्हणजे बुफो नाही, एवढं पक्कं. कोण आहे ते त्यावरून ठरत नाही; बॉम्बिना आणि अ‍ॅलायटीस या वेगळ्या कुलांतल्या प्रजाती, आणि दोघांचंही मध्येच असतं. म्हणून तोंडाच्या चकतीवर मिथिलीन ब्लूचा थेंब सोडला. ओठांवरचे केराटिनचे (नखांसारख्या कठीण द्रव्याचे) बारीक दात रंगामुळे उठून दिसतात. बुफोमध्ये वरच्या ओठावर दोन कडा, खालच्यावर तीन, आणि प्रत्येक कडेवर दातांची एकच ओळ. इथं कडा तेवढ्याच, पण एकेका कडेवर दातांच्या दोन-तीन ओळी दाटीनं बसलेल्या. शेपटीच्या परावर काळ्या रेघांची नाजूक जाळीही होती. बॉम्बिना!

तेवढ्यात शेजारच्या सूक्ष्मदर्शीवरची माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, याच्या तोंडात काहीच नाही. ना दात, ना चोच. मायक्रोहायलिड असेल का?”

प्रश्न रास्त होता; मायक्रोहायलिड हे बेडकांचं आणखी एक कुल. ग्रेस ऑर्टन यांनी १९५३ मध्ये भैकेरांचे जे चार प्रकार मांडले, त्यांतल्या पहिल्या दोघांच्या तोंडात केराटिन नसतं. पहिल्यात झेनोपस आणि ऱ्हायनोफ्रायनस या प्रजाती, श्वासरंध्रं दोन. दुसऱ्यात मायक्रोहायलिड, श्वासरंध्र एक आणि मध्ये. तिसऱ्यात बॉम्बिनासारखे, चौथ्यात बुफोसह बाकीचे बहुतेक सगळे. दात नसणं हीच मूळ अवस्था असं मानून काही अभ्यासकांनी पहिले दोन प्रकार वंशवृक्षाच्या तळाशी नेले होते. ओटो सोकोल यांनी १९७० च्या दशकात ते उलटं मांडलं: दात आधी होते, या गटांनी नंतर गमावले. पुढे जनुकीय पुराव्यातही मायक्रोहायलिड आधुनिक बेडकांच्या फांद्यांमध्येच आले. एखादा अवयव दिसत नाही, या एवढ्या आधारावर नातं जोडायला मी म्हणूनच फार कचरते.

तिला म्हटलं, “तोंड राहू दे. पाय बघ.” मागचे पाय पूर्ण वाढलेले होते, आणि पुढच्या पायांचे फुगवटे कातडीखाली दिसत होते. गॉस्नर यांच्या भैकेराच्या वाढीच्या ४६ टप्प्यांच्या तक्त्यात हा ४१ च्या आसपास बसतो. बेडकात रूपांतर सुरू झालं की तोंडातलं केराटिन झडतं. म्हणजे या भैकेराला दात होते, पण पकडला गेला तेव्हा ते गळून पडलेले होते. तिनं लगेच तक्ता उघडून पाय आणि तोंड ताडून पाहिलं. तिचा चेहरा उजळला तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग बरणीतला प्रत्येक भैकेर उताणा करून पाहिला. बुफो एका बरणीत, बॉम्बिना दुसऱ्या. नोंदवहीत या सगळ्यांच्या लांबीची मिळून एकच सरासरी लिहिलेली होती. ती रद्द केली आणि दोन्ही गटांची मोजमापं नव्यानं घेतली. रूपांतरातल्या त्या एकट्याचं श्वासरंध्र सुरकुतलेल्या कातडीत स्पष्ट दिसेना. अल्शियन ब्लूनं त्याच्या कवटीची कूर्चा रंगवता आली असती, पण त्यासाठी ऊती पारदर्शक कराव्या लागतात आणि या टप्प्यात कूर्चाही बदलत असते. एकुलता एक नमुना त्यासाठी खर्च करायला मी तयार नव्हते. त्याच्या कुपीवर ‘कुल अनिश्चित, टप्पा ४१’ असं लिहिलं.