'संपर्क'वरचा अनुस्वार : लेन्स तपासण्याचा माझा अनुभव

गेल्या वर्षी मी पुण्यात चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा १८-५५ मिमी लेन्ससह घेतला आणि आठवडाभरात चाचणीची छायाचित्रे काढली. रंगांत किंवा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते ६४०० या मालिकेतल्या नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, तक्रारीला जागा नव्हती. अडले ते भिंतीवर चिकटवलेल्या, छोट्या जाहिरातींच्या पानांपाशी. लेन्सचा झूम ३५ मिमीवर ठेवून दीड मीटर अंतरावरून साधारण मीटरभर रुंदीचा भाग चौकटीत येतो. त्यात डावीकडचा प्रत्येक अनुस्वार सुटा दिसत होता, उजवीकडचे मात्र शिरोरेषेत मिसळून गेले होते आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ इतके लहान केले तरीही पुरते सुटे होत नव्हते.

सेवा केंद्रात लेन्स दोनदा जमा केली आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांनी, जॉबशीटवर 'कंपनीच्या मर्यादेत आहे' एवढाच शेरा घेऊन ती परत आली. ही मर्यादा किती, चाचणी कोणत्या अ‍ॅपर्चरवर घेतली, कोपरे पाहिले की केवळ मध्यभाग, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक चित्र दाखवले. परंतु ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे चित्र तीन इंचांत मावले की त्यातली असली खोट दिसतच नाही. ते संगणकावर शंभर टक्के आकारातच पाहावे लागते. 'तुमचा कॅमेराच भिंतीला तिरका असेल', असे दुसऱ्या खेपेला ऐकले तेव्हा मी संतापलो, तरी त्या आक्षेपाचे उत्तर तोवर माझ्याकडे नव्हते हेही खरे.

ते उत्तर शोधण्यात दोन रविवार गेले. भिंतीला एक छोटा आरसा सपाट चिकटवला आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड हलवला. तसे जुळले की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, भिंतीला समांतर आला. मग कॅमेरा उलटा बसवून तीच पाने टिपली. दोष भिंतीचा किंवा मांडणीचा असता तर पानांचा उजवा भागच पुन्हा धूसर आला असता; आला तो डावा, म्हणजे धूसरपणा लेन्सबरोबर फिरला होता. प्रत्येक मांडणीत तीन चित्रे घ्यावीत आणि दर वेळी फोकस नव्याने करावा, नाहीतर फोकसची चूक लेन्सच्या माथी मारली जाते. आधीच सांगायला हवे होते ते असे, की ट्रायपॉडवर स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद ठेवावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत, कारण जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रेखीवपणा वाढवून देतो.

तिसऱ्या खेपेला मी चारही कोपऱ्यांचे मोठे प्रिंट, अ‍ॅपर्चरचे आकडे आणि उलट्या कॅमेऱ्याची चित्रे घेऊन गेलो आणि वरिष्ठ तंत्रज्ञ बाहेर येईपर्यंत काउंटर सोडला नाही. त्यांनी पाच मिनिटे प्रिंट पाहिले आणि वॉरंटीत लेन्स बदलून देण्याचे लिहून दिले. नवी लेन्स मिळाली त्याच दिवशी तीच पाने, त्याच अंतरावरून, एफ/५.६ वर टिपली. उजव्या कोपऱ्यातल्या अगदी शेवटच्या जाहिरातीतही 'संपर्क'वरचा अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा, स्पष्ट दिसला.