एमएच १३ वर माळढोक का नको?

परवा भाचा आरटीओत पैसे भरून गाडीला आवडीचा नंबर घेऊन आला, तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. अमेरिकेत फ्लोरिडात १९९० पासून पँथरच्या चित्राची नंबरप्लेट मिळते, वर्षाला २५ डॉलर जास्तीचे भरायचे आणि ते पँथरच्या संशोधनाला, संवर्धनाला जातात. मग आपल्या सोलापूरच्या एमएच १३ वर माळढोक पक्षी का नको? नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, लहानपणी आबांबरोबर तिथं गवतात पोटावर पडून बघितलाय मी तो, मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाऊल मोजून टाकणारा. मागच्या महिन्यात गेलो तर काळवीट दिसले, खोकड दिसलं, माळढोक नाहीच ओ. पण माळ तरी राखायला पाहिजे, लांडगं पण त्याच माळावर जगतात. अशी प्लेट निघाली तर पहिल्या दिवशी लायनीत उभा राहीन मी.