तीन राज्यं आणि एक आमदार

मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, तुरीची सोंगणी चालू होती. शाळेचा हीरक महोत्सव आहे, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या म्हणाल्या. मी हो म्हणून बसलो आणि मग दिवसभर तेच डोक्यात. मित्र आठवले, मैदानातलं कडुलिंबाचं झाड आठवलं, पण सगळ्यात आधी काय आठवलं तर आठवीतला नागरिकशास्त्राचा एक तास. त्या एका तासावरच लिहितो, कारण पुढं माझी सगळी नोकरी त्या तासाच्या आसपासच गेली.

माळपठारावरचं आपलं गाव, उन्हाळ्यात पाण्याची बोंब, निम्मे पोरं तांड्यांवरून पायी यायचे. सर पुसदहून एसटीनं यायचे. त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी एक कोडं टाकलं. एकच माणूस, एकच मतदारसंघ, गाव तेच, मतदार तेच, तरी तो तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभेत निवडून गेला, कसा काय? सगळे गप्प. मी उठलो आन म्हणलो, "सर, त्याची बदली झाली असंल." माझ्या डोळ्यापुढं मास्तर लोकांच्या बदल्या होत्या न. पोरं हसले, सर मात्र हसले नाही. ते म्हणाले, "बरोबर बोलला बे. फक्त बदली माणसाची नाही झाली, राज्याची झाली."

मग त्यांनी फळ्यावर खडूनं एक टिंब काढलं, बाजूला लिहिलं पुसद. टिंबाभोवती मोठी रेघ ओढली, आत लिहिलं मध्यप्रदेश, राजधानी नागपूर, १९५२. डस्टरनं रेघ पुसली, टिंब तसंच ठेवलं, दुसरी रेघ ओढली, द्विभाषिक मुंबई राज्य, १९५७. परत पुसलं, तिसरी रेघ, महाराष्ट्र, १९६२. खडूचा भुकटा त्यांच्या बाहीवर पडून राहिला होता आणि ते टिंबावर बोट ठेवून म्हणाले, हे आपलं पुसद, आणि हा माणूस म्हणजे गहुलीचे वसंतराव नाईक. एवढं समोर दिसल्यावर कोणाला पाठ करायची गरजच पडली नाही. राज्य पुनर्रचना म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं ते आजपर्यंत विसरलो नाही.

नाईक साहेबांचा जन्म १ जुलै १९१३ चा, आपल्याच तालुक्यातल्या गहुली तांड्यावर, बंजारा समाजात. तांड्यावर शाळा नव्हती म्हणून आजूबाजूच्या गावांत शिकले, मग अमरावती, मग नागपूर, मॉरिस कॉलेजातून बीए आणि पुढं वकिली. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम शिकले, नंतर पुसदला वकिली सुरू केली. १९४१ ला नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं, आंतरजातीय, त्या काळात किती गवगवा झाला असेल विचार करा. १९४६ ला पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. म्हणजे आमदार व्हायच्या आधी नळ, नाल्या, दिवाबत्ती हे सगळं त्यांनी हातानं केलेलं होतं आणि मला वाटते पुढचं सगळं तिथूनच आलं.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट माझी आजी सांगायची. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, पेटीवर निशाणी चिकटवलेली, पडद्यामागं जायचं आन आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकून यायचं. काँग्रेसची निशाणी बैलजोडी. आजी म्हणायची, "मले वाचता येत नोयतं, पण बैल त वळखू येतेत न बापा." ५७ लाही अशाच पेट्या होत्या, ६२ पासून एकच कागद आणि शिक्का. ७२ ला माय मतदानाला गेली तेव्हा मी तिच्या पदराला धरून शाळेच्या दारापर्यंत गेलो होतो, तवा निशाणी गाय-वासरू झाली होती, आणि आजी बाहेर बसून म्हणत होती का बैल कुठं गेले.

५२, ५७, ६२, ६७, ७२, पाच निवडणुका पुसदमधून, पाचही जिंकल्या. नागपूरच्या सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री, मुंबई राज्यात सहकार आणि मग कृषी, महाराष्ट्र झाल्यावर महसूलमंत्री. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गेले, तेही आपल्या विदर्भाचेच, चंद्रपूरचे, आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक साहेब मुख्यमंत्री झाले ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. अकरा वर्षाच्या वर. एवढा सलग काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही. ६७ ते ७२ ही पाच वर्षं एकाच मुख्यमंत्र्यानं पूर्ण केली, त्यानंतर असं व्हायला थेट २०१९ उजाडलं. मला मोठेपण यात वाटत नाही का ते किती दिवस राहिले, मोठेपण यात वाटते का मुंबईत एवढ्या वर राहूनही त्यांचं बोलणं पेरणी, बियाणं, पाणी, चारा याच्याभोवतीच फिरत राहिलं.

आमच्या घरी ते बियाण्याच्या रूपानं आले. हायब्रीड ज्वारी, आमच्याकडं सगळे हायब्रेटच म्हणायचे. बाप आधी घ्यायला तयार नव्हता, गावरान ज्वारी दोन पुरुष उंच होत होती, कडबा भरपूर, आन हे बुटकं झाड काय कामाचं. पण कणीस पाहिल्यावर मानला, एकरी पोते वाढले ते घरात दिसत होते. खोट एकच, हे वाण लवकर तयार होते, आणि परतीचा पाऊस नेमका कणसात दाणा भरल्यावर आला का दाणा काळा पडते. त्या काळ्या ज्वारीची भाकर मी खाल्लेली आहे, कडवट लागते, आणि माय ती भाकर आमच्या ताटात टाकताना काही बोलायची नाही. बाप म्हणायचा, "काळी असू दे, पन हाये न घरात." ज्या माणसानं आधीचे दिवस पाहिले होते त्याचं ते बोलणं होतं. कडबा कमी झाला, जनावरं कमी झाली हेही खरं आहे, हे लपवून कौतुक करणं मला पटत नाही. पण अन्नधान्यासाठी अमेरिकेच्या जहाजाकडं पाहणाऱ्या राज्याला स्वतःचं पिकवायला लावायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली, आपलं अकोल्याचं १९६९ चं. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायचा, हीही ७२ च्या हंगामातली, खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावरून शेतकऱ्याला सोडवायसाठी. पुढं त्या योजनेचं जे झालं ते झालं, चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा मिळायचे म्हणून बाप चिडायचा, पण भाव आधी ठरलेला असतो ही गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा तेव्हाच झाली.

७२ चा दुष्काळ मराठवाड्याइतका आमच्याकडं नव्हता, तरी माळपठारावर होताच. रोजगार हमीच्या कामावर माय खडी फोडायला जायची. एक दगड खाली, एक हातात हातोडी, बोटाला चिंध्या बांधलेल्या, आणि संध्याकाळी खडीचा ढीग मोजायला मुकादम फुटपट्टीसारखी काठी घेऊन येत होता. मी आठ वर्षाचा, तिच्याजवळ सावलीत बसून सुकडी खायचो. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारची जबाबदारी आहे हा विचार तिथून सुरू झाला, नंतर त्याचा कायदा झाला आणि अजून पुढं साऱ्या देशात तशी योजना आली. माझ्या मायला यातलं काही माहीत नव्हतं, तिला एवढं माहीत होतं का हप्त्याला पैसे मिळते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्याच तासाला सरांनी आम्हाला वर्गाबाहेर नेलं आणि दारावरची पाटी वाचायला लावली. जिल्हा परिषद हायस्कूल. विचारलं, यातला जिल्हा परिषद हा शब्द कुठून आला? आम्हाला वाटे तो आधीपासूनच आहे, जसा डोंगर आहे, नदी आहे. आजा लोक तर शाळेला जनपदची शाळा म्हणायचे, कारण जुन्या मध्यप्रदेशात तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभा होत्या. सरांनी सांगितलं का महाराष्ट्र झाल्याबरोबर जून १९६० मध्ये सरकारनं एक समिती नेमली, अध्यक्ष महसूलमंत्री वसंतराव नाईक, मार्च १९६१ मध्ये अहवाल, त्याच वर्षी कायदा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू. म्हणजे आपल्या तालुक्याच्या आमदारानं कागदावर लिहिलं आणि त्यातून ही पाटी लागली, मास्तरचा पगार, खडू, दवाखाना, विहीर, रस्ता हे गावच्या माणसांच्या हातात आलं.

मी पुढं ग्रामसेवक म्हणून लागलो, विस्तार अधिकारी होऊन रिटायर झालो, तेहतीस वर्षं पंचायत समितीच्या इमारतीत काढली. तेव्हा मला त्या समितीचं खरं मोल कळलं. केंद्रानं नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीनं ५७ ला तालुक्याच्या पंचायत समितीवर जास्त भर दिला होता, नाईक समितीनं वजन जिल्ह्यावर टाकलं, कारण पैसा आणि माणसं जिल्ह्यालाच पेलतील. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. आणि स्वतः आमदार, मंत्री असूनही या समितीनं आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत सदस्य करू नका म्हणून शिफारस केली. आपल्या हातातली सत्ता आपणच दुसऱ्याला देणं किती अवघड आहे हे मी मिटिंगांमध्ये बसून पाहिलेलं आहे, एका बोअरवेलची जागा ठरवायला तीन तास लागतात तिथं हे सोपं नाही. म्हणून पाच निवडणुका जिंकल्या यापेक्षा ती शिफारस मला मोठी वाटते, आणि हे मी मनापासून म्हणतो.

त्यांनी बांधलेल्या त्याच पायऱ्यांवरून त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक वर गेले, सरपंच, पंचायत समिती सभापती, यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मग ७८ पासून पुसदचे आमदार आणि १९९१ ला मुख्यमंत्री. जलसंधारणाचं वेगळं खातं त्यांनीच काढलं. नंतर त्या घरातलेच पुढचे लोक निवडून येत राहिले, एकाच घरात एवढी वर्षं आमदारकी असावी का यावर आमच्या पारावर दोन तट आहेत, आणि तो वाद व्हायलाच पाहिजे.

ऑगस्ट १९७९ मध्ये मी दहावीत होतो. नाईक साहेब सिंगापूरला वारल्याची बातमी रेडिओवर आली. तांड्यावरचे पोरं त्यानंतरचे दोन दिवस शाळेत आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा सरांनी हजेरी घेतली पण गैरहजेरी कोणाची मांडली नाही. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी खडूनं ते टिंब काढलं, रेघ मात्र कोणतीच ओढली नाही, आन दिवसभर कोणी ते पुसलं नाही.

मागच्या हप्त्यात शाळेत गेलो. व्हरांड्यात एका भिंतीवर सरांनी ऑइल पेंटनं आपल्या आमदारांच्या निवडणुकांचा तक्ता काढून घेतला होता, मधल्या रंगरंगोटीत तो झाकला गेला. मॅडमनं पेंटर बोलावला होता, मला म्हणाल्या तुम्हीच सांगा सर, याला सालं सांगा. मी सांगत गेलो, बावन्न, सत्तावन्न, बासष्ट, सदुसष्ट, बहात्तर. मागं सातवीतली एक पोरगी दप्तर धरून उभी होती, तांड्यावरची, तिनं विचारलं, "काका, मंग सत्त्याहत्तर काहून नाही लिहिलं?" मी म्हणलो, बाई, त्या वर्षी ते वाशिममधून लोकसभेवर निवडून गेले, दिल्लीला. तिनं थोडा विचार केला आन म्हणाली मंग तेही लिहा न खाली, दुसऱ्या रंगानं. पेंटरनं माझ्याकडं पाहिलं, मी मॅडमकडं पाहिलं, आणि त्यानं निळ्या रंगाचा डबा उघडला.