पुणे ते वेंगुर्ला इलेक्ट्रिक गाडीने: कोल्हापूर, आंबोलीमार्गे

मे महिन्यात ४५ किलोवॅट-तासाची बॅटरी असलेल्या गाडीने चार माणसं आणि फुल सामान घेऊन वेंगुर्ल्याला जाऊन आलो. आता जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहितोय.

पुण्यातून घरच्या चार्जरवर १०० टक्के करून पहाटे निघालो. कोल्हापूर साधारण २३० किमी, एसी चालू, स्पीड ८० ते ८५, पोचलो तेव्हा २५ टक्क्यांच्या वर शिल्लक होती. हाच रस्ता १०० च्या वर पळवला असता तर मध्ये कराडला थांबावंच लागलं असतं, कारण स्पीड वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो आणि बॅटरी भसाभस उतरते. एसीला उगाच घाबरू नका, खरा फरक स्पीडने पडतो.

कोल्हापूरला जेवणाचा वेळ आणि चार्जिंगचा वेळ एकच ठेवला. एक गोष्ट बघून घ्या, ६० किलोवॅटच्या चार्जरला बहुतेक दोन गन (म्हणजे गाडीत खुपसायचे चार्जिंगचे प्लग) असतात आणि दोन्हीवर गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी ३०-३० वाटून मिळतात, म्हणजे पाऊण तासाचं काम तासावर जातं, त्यामुळे जमलं तर रिकामं स्टेशन गाठा. चार्जिंग स्टेशनचं ॲप आधीच डाउनलोड करून वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा, तिथे नेट नसलं की फार वेळ जातो. आणि प्लीज ८० टक्के झाले की गाडी काढा, पुढे चार्जिंग खूप हळू होतं आणि मागचा माणूस ताटकळत राहतो. थाळी अर्धी झाली असली तरी एकाने उठून गन काढायची, ही सवय आपण सगळ्यांनी लावूनच घेतली पाहिजे.

निपाणी, आजरा करत आंबोली. घाट उतरताना रीजेन (म्हणजे गाडीचा वेग कमी करताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत भरणं) जास्तीत जास्त वर ठेवला, ब्रेकला पाय क्वचितच लागला आणि दोन टक्के उलट वाढले! मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रीजेन नीट लागत नाही, त्यामुळे आंबोलीत मुक्काम असेल तर रात्री १०० करू नका.

वेंगुर्ल्यात होमस्टेला १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावली, सकाळपर्यंत ६० टक्के भर पडली. बुकिंग करतानाच फोनवर विचारा, "काकू, १५ अँपिअरचा पॉइंट आहे का, आणि अर्थिंग आहे ना?" अर्थिंग नसेल तर पोर्टेबल चार्जर चालूच होत नाही. साधा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात लावायचा नाही, वायर तापते. युनिटचे पैसे आपणहून द्या.

परतीला सावंतवाडी ते आंबोली तीसेक किमीच आहे पण सहाशे मीटरची चढण आहे, त्यात १५ टक्के जातात, तेवढे धरूनच खालून निघा.