उसवलेली ओळ
आमच्या कार्यालयात महिन्यातून एकदा, कामाची वेळ संपल्यावर, हस्तकलेची दीड तासाची बैठक भरते आणि तिची व्यवस्था माझ्याकडे असते. दर वेळी निरनिराळ्या संस्कृतीतली एक कला निवडायची, थोडी माहिती द्यायची आणि मग सगळ्यांनी मिळून ती करून पाहायची, असा क्रम आहे. या बैठकांचे यश वरिष्ठ मंडळी शेवटच्या छायाचित्रावरून जोखतात, आणि हे मला पहिल्यापासून खटकत आले आहे. कारण दीड तासात जे पुरे होते ते बहुधा शिकण्यासारखे नसते.

म्हणून या वेळी मी जपानी साशिको घेतले आणि त्यासाठी सलग चार बैठका मागून घेतल्या. साशिको म्हणजे मुळात साधा धावदोरा, गडद निळ्या कापडावर पांढऱ्या सुती धाग्याने घातलेला. उत्तर जपानमधल्या त्सुगारू प्रांतात १७२४ साली शेतकऱ्यांना सुती वस्त्रे वापरण्याची मनाई झाली, तेव्हा तिथल्या बायकांनी भांगेच्या तंतूंचे विरळ कापड टाक्यांनी भरून उबदार केले. त्यातून कोगिन हा साशिकोचा एक प्रकार घडला. बंगालच्या कांथ्यातही जुन्या साड्यांचे थर याच धावदोऱ्याने एकत्र बांधतात आणि त्यासाठी धागा कित्येकदा साडीच्या काठातूनच काढतात. थंडी आणि टंचाई यांच्याशी झुंजणारा इतका साधा टाका दोन दूरच्या प्रदेशांत सापडावा, याचे मला फार अप्रूप आहे.

खरेदी विभागाने साशिकोच्या धाग्याऐवजी कशिद्याचा सहापदरी धागा मागवला. तो चकाकतो आणि सुईच्या नेढ्यापाशी पदर सुटून विस्कटतो. साशिकोचा धागा घट्ट पिळाचा, विनाझळाळीचा असतो आणि त्याचे पदर वेगळे करायचे नसतात. ‘दोरा तो दोरा’ असे उत्तर मिळाले, तेव्हा मी योग्य धागा स्वतः आणला. टाका सुलट बाजूस लांब आणि उलट बाजूस आखूड, साधारण तीनास दोन; कापडाला चुण्या घालत सुईवर एकदम पाचसहा टाके भरायचे; धागा ओढून घेतल्यावर ओळ बोटांनी सपाट करायची; वळणावर मागे किंचित सैल फास ठेवायचा, नाहीतर कापड आक्रसते. शेवटी गाठ मारायची नाही, दोनतीन टाके उलट फिरवून धागा तिथेच मुरवायचा. हे सगळे हाताला कळेपर्यंत दोन बैठका गेल्या.

बारा जणांचे बारा चौकोन जोडून एक पट तयार करायचा होता. लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आसानोहाची, म्हणजे भांगेच्या पानाची, नक्षी घेतली होती. त्यांचा हात घट्ट. मधली एक ओळ इतकी ओढली गेली होती की कापडाला सुरकुती पडली होती. शेवटच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी चौकोन इस्त्री करायला घेतले आणि ती ओळ उसवून पुन्हा घातली. मला त्यात काही गैर वाटले नाही. पट सुबक दिसावा, एवढाच विचार होता आणि तो मनापासूनचा होता.

दुसऱ्या दिवशी जोडणीसाठी चौकोन टेबलावर उलटे मांडलेले असताना ते आपल्या चौकोनापाशी थांबले. त्यांनी मागच्या बाजूवरून बोट फिरवले आणि विचारले, “इथे माझी गाठ होती. ती कुठे गेली?” गाठ मारायची नाही हे त्यांना ठाऊक होते, धागा मुरवणे जमले नाही म्हणून त्यांनी मारली होती. मी जे केले ते सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “मॅडम, आमच्या वहीत चुकलेली नोंद कोणी खोडत नाही. दुरुस्तीची नोंद वेगळी घालतात, सहीसकट.”

मला उत्तर सुचले नाही. बाकीच्यांपैकी कुणीतरी “किती छान झालंय की आता” असे म्हणाले, आणि त्या वाक्याने मला अधिकच अपराधी वाटले, कारण काल संध्याकाळी मीही नेमके तेच म्हटले असते.

त्यांनी माझी ओळ उसवली. दाट विणीच्या कापडातून धागा काढला की सुईची भोके लगेच बुजत नाहीत. त्या भोकांना टाळत त्यांनी नवी ओळ घातली, या वेळी वळणावर फास सैल ठेवला, आणि शेवटी पुन्हा गाठ मारली. सुरकुती आधीपेक्षा कमी होती, पण होती. वेळ संपली होती, छायाचित्रासाठी निरोप आला होता. मी पहिल्यांदाच “अजून झालेले नाही” असे कळवले.

पट आता सभाकक्षात लावला आहे. तिरका उजेड पडला की त्या चौकोनावर नव्या ओळीच्या कडेला जुनी भोके दिसतात. त्यांतली माझी कोणती, हे मला अजून दुरूनही सांगता येते.