येरेवानला ज्युनिअर युरोव्हिजन: पाहिलेलं, ऐकलेलं आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

ज्युनिअर युरोव्हिजन, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या देशांची लहान मुलांची गाण्याची स्पर्धा, टीव्हीवर पाहताना दिवे, कपडे आणि नाच यांवरच नजर राहते. सभागृहात बसलं की कळतं, ही खरी गळ्याची परीक्षा आहे. 9 ते 14 वर्षांची मुलं आणि फार तर तीन मिनिटांचं गाणं. मागचे साथीचे आवाज रेकॉर्ड केलेले चालतात, पण मुख्य गायकाला तिथल्या तिथे गावं लागतं. शिवाय गाण्याचा मोठा भाग आपल्या देशाच्या भाषेत हवा. या दोन नियमांपायी मला ही स्पर्धा फार आवडते. 11 डिसेंबर 2022 चा सोहळा आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला होता, आणि भाची तिथेच मेडिकलला, त्यामुळे जायचं नक्की केलं. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये आर्मेनियाची मालेना जिंकली होती, म्हणून यजमानपद त्यांच्याकडे आलं.

जाणं अवघड नाही. आर्मेनियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि दुबई किंवा शारजामार्गे विमानं आहेत. झ्वार्तनोत्स विमानतळावरच सिमकार्ड घ्या, कारण टॅक्सी ॲपवरूनच बोलवावी लागते. मेट्रो स्वस्त आहे, पण कार्यक्रमाच्या ठिकाणी जात नाही. ते ठिकाण म्हणजे कारेन देमिरच्यान संकुल, ह्राझदान नदीच्या घळीपलीकडे त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर. 2011 ची स्पर्धाही इथेच झाली होती. कार्यक्रम संध्याकाळी 7 ला, म्हणजे आपले साडेआठ. पण तपासणीच्या रांगा उघड्यावर असतात आणि डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास. आत मात्र चांगलंच गरम होतं. म्हणून एका जाड कोटापेक्षा थरावर थर घाला, आणि पायांत लोकरी मोजे हवेतच.

जागा घेताना एक ध्यानात ठेवा. रंगमंचासमोर उभं राहून पाहण्यात मजा आहे, पण समोर झेंडे नाचत असतात आणि लहान मूल बरोबर असेल तर त्याला काही दिसत नाही. आम्ही बाजूच्या उंच रांगेत होतो. तिथून जे दिसलं ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. एक गाणं संपलं की पडद्यावर पुढच्या देशाची छोटी चित्रफीत सुरू होते. तेवढ्यात काळ्या कपड्यांतली माणसं अंधारात धावत येतात, आधीचं सामान उचलतात, नवीन मांडतात, फरशी पुसतात. त्या गडबडीत पुढचं मूल आपल्या खुणेवर येऊन उभं राहतं. कुणीतरी त्याच्या कानातलं यंत्र तपासतं आणि पळतं. मग काही क्षण ते पोर एवढ्या मोठ्या मंचावर एकटंच. दिवे लागतात आणि पहिला सूर अचूक लागतो! दर वेळी माझ्या अंगावर काटा आला.

यजमान आर्मेनियाच्या नारेच्या गाण्याला छत उडेल असा गजर झाला. ती दुसरी आली, 180 गुणांनी. फ्रान्सचा लिसांद्रो 203 गुणांनी जिंकला. 1950 च्या दशकातल्या रॉक अँड रोलचा ठेका, आईला घातलेली साद, आणि त्या वयात मंचावरचा इतका मोकळा वावर. माझ्या मते निकाल योग्यच होता. ब्रिटनच्या फ्रेया स्कायला ऑनलाइन मतांत पहिला क्रमांक मिळूनही ती एकूण पाचवी राहिली, कारण निम्मे गुण देशोदेशीच्या परीक्षकांचे असतात. परीक्षकांत मुलंही असतात, ही पद्धत मला फार चांगली वाटते. आपल्याकडच्या बालगायनाच्या कार्यक्रमांनी ती जरूर उचलावी.

आणि हो, मत तुम्हीही देऊ शकता, अगदी नागपुरात घरी बसूनसुद्धा. मात्र एकच गाणं निवडून चालत नाही. मतदान कार्यक्रमाआधीही खुलं असतं; शेवटच्या गाण्यानंतर ते पुन्हा थोडाच वेळ उघडतं, आणि तेव्हा सभागृहात सगळ्यांचे फोन एकदम चालू होऊन नेट रडतं. मतदानाचं पान आधीच उघडून ठेवा.

शाकाहारींनी घाबरू नये. बारीक चिरलेल्या पालेभाज्या भरून भाजलेली 'झेंग्यालोव हाट्स' ही पोळी पोटभर होते, आणि थंडीत गरम 'स्पास', म्हणजे दही-गव्हाचं सूप, जीव निववतं. कार्यक्रमाआधी मात्र खाऊनच जा, आतल्या रांगेत गाणी बुडतात.

एक दिवस जास्तीचा ठेवा आणि त्याच टेकडीवरचं आर्मेनियन लोकांच्या वंशसंहाराचं स्मारक दिवसाउजेडी पाहा. तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि ही स्पर्धा बहुतेकदा शनिवार-रविवारी होते. तेव्हा स्मारक आधीच उरकलेलं बरं.

परतीचं तेवढं सांभाळा. कार्यक्रम सुटल्यावर दारात टॅक्सी मिळणं कठीण आणि भावही चढलेले. गर्दीबरोबर रस्त्याने खाली उतरत जा आणि बरंच अंतर आल्यावर गाडी बोलवा. मुलं बरोबर असतील आणि त्या वर्षी रंगीत तालमीची तिकिटं निघाली असतील, तर मी तीच घ्यायला सांगेन: गाणी सगळी तीच, गर्दी कमी, आणि मुलं वेळेवर झोपतात.