पुणे–ताम्हिणी–सावंतवाडी–आंबोली–पुणे: भरल्या गाडीने गणपतीचा प्रवास

गणपतीला कोकणात जाणारी गाडी वर्षभरात कधी नसते इतकी जड असते, आणि नेमका तेव्हाच पाऊस असतो. एरवी एकट्याने ऑफिसला नेतो तीच गाडी, पण ब्रेकला उशिरा थांबते, चढावर दमते आणि खड्ड्यात बूड टेकवते. जाताना ताम्हिणी–माणगाव–महाड–चिपळूण–हातखंबा–कणकवली–सावंतवाडी आणि येताना आंबोली–आजरा–उत्तूर–निपाणी–कोल्हापूर–सातारा असा हा मार्ग. पाच आसनी पेट्रोल हॅचबॅक, चार मोठी माणसं आणि एक मूल. मिसळ कुठे चांगली मिळते ते इथे सापडणार नाही. भरलेली गाडी कुठे अडते आणि अडली तर काय करायचं, एवढंच लिहिलं आहे.

निघण्याआधी

डिकीत मावतं म्हणून गाडीला पेलतं असं नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) आणि ग्रॉस वेट (भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी उचलू शकते ते वजन. समजा 900 आणि 1350, तर फरक 450 किलो. चार मोठी माणसं सत्तरच्या हिशेबाने 280, मूल 25, उरले 145. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर टाकी आणि फिटिंगचे साधारण 60–70 किलो यातून आधीच गेलेले असतात. जाताना हे गणित सहसा जमतं, मोडतं ते परतीला. 25 किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या आणि 50 सोललेले नारळ म्हटले तरी 75–80 किलो झाले, आणि कपड्यांच्या बॅगा अजून मोजल्याच नाहीत.

टपावर कॅरिअर लावून सुटका होत नाही. बऱ्याच हॅचबॅकना टपावर 50 किलोच्या आसपासच मर्यादा असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. शिवाय वजन वर गेलं की घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते. शक्यतो टप रिकामाच ठेवावा.

जड वस्तू डिकीच्या तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून ठेवाव्यात. गोण्या मागच्या दाराशी ठेवल्या की मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि चढावरची पकड दोन्ही कमी होतात. मागच्या सीटवर कोणी बसणार नसेल तरी तिथले बेल्ट लावून ठेवावेत. जोरात ब्रेक लागला तर सामानाच्या धक्क्याने सीटची पाठ पुढे येऊ नये म्हणून. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्रीसुद्धा ठेवू नये. पाण्याच्या बाटल्या दारातल्या खणात. चालकाच्या पायाशी घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकते आणि मग ब्रेक दाबताच येत नाही.

मूर्ती नेत असाल तर ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचा प्रकार सोडा. समोर एअरबॅग आहे. मूर्ती खोक्यात, चारी बाजूंनी चिंध्या किंवा उशा कोंबून, पुढच्या सीटच्या मागे पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते, म्हणजे पंक्चर झालं की भर पावसात सगळं सामान रस्त्यावर काढायचं. ते टळत नाही, पण सोपं करता येतं. साधारण दोन बाय तीन मीटरची ताडपत्री सामानाच्या सगळ्यात वर ठेवावी: आधी ती अंथरायची, तिच्यावर सामान, आणि उरलेलं टोक वरून पांघरायचं. जॅक, त्याचा दांडा, पाना, लाल त्रिकोण, टो हूक (गाडी ओढताना दोरी अडकवायची कडी), डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, हवा भरायचा छोटा पंप आणि एक फूटभर लाकडी फळी हे सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी सगळ्यात शेवटी, दाराशी ठेवावी. इनोव्हा, एर्टिगासारख्या गाड्यांत स्टेपनी बाहेरून बुडाशी टांगलेली असते. ती घरीच एकदा खाली सोडून बघा. चिखल आणि गंजाने तिची यंत्रणा अडकलेली असते आणि ते कळतं घाटात.

टायरमधली हवा चालकाच्या दाराजवळच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरावी. तिथे पूर्ण भाराचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो आणि मागच्या चाकांना तो जास्त असतो. हवा टायर थंड असताना मोजायची. ‘उन्हाने टायर फुटेल, हवा कमीच ठेवा’ हा पंपावरचा सल्ला नेमका उलटा आहे: हवा कमी असली की भाराखाली टायरची बाजू सारखी दबते आणि उठते, त्यातून उष्णता तयार होते आणि त्याच उष्णतेने टायर फुटतो. टायरच्या बाजूवर 185/65 आर15 88 एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला 88 म्हणजे एका टायरला 560 किलो. 82 असेल तर 475. टायर बदलताना जुन्याहून कमी आकड्याचा कधी घेऊ नये. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का 3221 असेल तर टायर 2021 सालच्या 32 व्या आठवड्यातला. नक्षी 1.6 मिमीपर्यंत झिजली की तो टायर पावसाळ्यासाठी संपला. स्टेपनीची हवा तपासायची राहतेच, तीही बघा.

डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करणारी एक छोटी चकती असते, 0 ते 3 किंवा 4. मागे वजन भरलं की गाडीचं नाक वर होतं, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो आणि आपल्याला रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दिसतात. पूर्ण भाराला चकती 2 किंवा 3 वर ठेवायची. समोरून सारखे डीपर येत असतील तर कारण बहुतेक हेच असतं.

ताम्हिणी ते माणगाव

इंधन पुण्यात किंवा पिरंगुटला भरून घ्यावं. घाटात मोबाइलला मोठ्या पट्ट्यात नेटवर्क नसतं, म्हणून विमा कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर, पॉलिसी क्रमांक आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. नंबर कागदावर लिहिलेला बरा.

ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. भरलेली गाडी तिसऱ्यात धावायला लागली तर दुसऱ्यात आणा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. घट्ट दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला उसंत मिळते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, पण पुरेसा ओलावा शिरला की हीच मर्यादा 155 पर्यंत उतरते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

पेडल मऊ लागलं तर पंप केल्यासारखं भराभर दाबा, गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. नुसता जळका वास येत असेल तर अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवायची इकडे साथच आहे. त्यामुळे तुम्ही वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही. लो बीम आणि फॉग लाइट पुरतात. चारही इंडिकेटर गाडी थांबल्यावर.

माणगाव ते चिपळूण

गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत माणगाव, लोणेरेच्या कोंडीत गाडी तापते. काटा चढायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा. आत बसवणार नाही, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते. बाजूला घेतल्यावर पुढचा पंखा फिरतोय का बघा. फिरत असेल आणि वाफ नसेल तर इंजिन चालू राहू द्या. वाफ असेल, खाली कूलंट सांडत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर लगेच बंद. झाकण किमान अर्धा तास उघडायचं नाही; आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर उडतं. नंतर जाड फडकं धरून हळू फिरवावं. पातळी कमी असेल तर पिण्याचं पाणी घालून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण पुढे कूलंट बदलून घ्यावं. पंखाच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. त्याच नंबराचा हॉर्नचा रिले तिथे लावून चालतं.

महाड आणि चिपळूण ही पुराची गावं. 22 जुलै 2021 चा पूर दोन्हीकडे आजही सांगितला जातो. रस्त्यावर पाणी असेल आणि ते चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर थांबायचं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो व्हॅन बोलवा. सुरू करायचा प्रयत्न करून मोडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही.

कशेडीला आता बोगदा आहे. भोस्ते आणि परशुराम घाटात डोंगरकड्याखाली, चहासाठीसुद्धा, गाडी लावू नका.

पंक्चर, म्हणजे सगळ्यात शक्य तो प्रसंग

चिपळूण ते हातखंबा पट्ट्यात वळणरस्ते, खडी आणि पाण्याने भरलेले खड्डे मिळून टायरची परीक्षा होते. गाडी एका बाजूला ओढू लागली तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, डावीकडे सपाट जागी पूर्ण रस्त्याबाहेर जा. त्यासाठी थोडं अंतर चपट्या टायरवर गेलं आणि टायर वाया गेला तरी चालेल. चारही इंडिकेटर लावा, माणसं डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जाऊ द्या. त्रिकोण 50 मीटर मागे ठेवायचा. मागे वळण असेल तर वळणाच्याही आधी, नाहीतर तो कोणाला दिसतच नाही.

हँडब्रेक, पहिला गिअर, आणि पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. सामान उतरवा. जॅकला कमी उचलायला लागतं आणि स्टेपनीही निघते. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा वेढा सैल करा. उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक दाराखालच्या पट्टीवर जिथे दोन खाचा असतात त्यांच्या मधोमधच. कोकणातली तांबडी माती पावसात लोण्यासारखी असते, जॅक तिच्यात शिरतो. पिशवीतली फळी त्यासाठीच. काढलेली स्टेपनी चाक बदलेपर्यंत गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकते. अलॉय चाक नट काढूनही निघत नसेल तर टायरवर आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी टाचेने मारा.

नटाचं निमुळतं तोंड चाकाकडे. समोरासमोरचे नट आवळत जायचं, गाडी खाली उतरवून शेवटचा जोर द्यायचा. पान्यावर उभं राहून आवळू नका, पुढच्या वेळी ते निघणार नाहीत. 50 किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावून बघा. स्टेपनी अरुंद असेल तर 80 च्या वर जायचं नाही.

पंक्चर त्याच दिवशी काढून घ्या, चतुर्थीला दुकानं बंद असतात. नक्षीच्या भागातल्या खिळ्याला पट्टी चालते, लांबच्या प्रवासाला आतून मश्रूम (छत्रीच्या आकाराचं रबरी बूच) लावलेला बरा. बाजूला चीर किंवा फुगा असेल तर तो टायर दुरुस्त होत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, अपघात असेल तर 112. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की गाडी लवकर पोहोचते. दोरीने ओढायची वेळ आली तर घाटात ते करूच नये. सपाटीला चावी चालू ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतील. ऑटोमॅटिक गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

गावातून परत

गाडी चार-पाच दिवस अंगणात उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. सुरू करण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघा. बॅटरी उतरली असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगलीच्या मायनसला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रमाने.

कोकमाचं आगळ डिकीत उभ्या बादलीत ठेवावं. त्यात मीठ भरपूर असतं. सांडलं तर डाग निघतो, पण कार्पेटखाली गेलेलं मीठ पत्रा खातं.

आंबोली साधारण 690 मीटर उंचीवर, म्हणजे सावंतवाडी सोडल्यावर जवळपास सगळं चढणच. शनिवार-रविवारी धबधब्याजवळ रांग लागते आणि क्लच प्लेट जळते ती तिथे. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्यात एकदाच निघा. जळका वास आला तर वीस मिनिटं थांबा. चढताना एसी बंद.

निपाणीपासून हमरस्ता, आणि वेग वाढतो. वर चढण्याआधी टायर हाताने चाचपून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे न्यूट्रल करू नका, ब्रेक तापलेले ट्रक आरशात सतत बघत राहा आणि त्यांच्या पुढ्यात लेन बदलू नका.

घरी आल्यावर हवा रोजच्या आकड्याला आणा, हेडलाइटची चकती 0 वर, आणि चिखल वाळण्याआधी बूड पाण्याच्या जोराने धुऊन घ्या.